मरण वगळून

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसणार नाही. बसला तर मलाच जरा अपमान वाटेल, कारण आयुष्यभर खपून जी कीर्ती कमावली ती अशी एका बैठकीत घालवायची माझी तयारी नाही. पण झालं ते असं झालं. ज्याला अजून फोन आला की उचलायला दोन्ही हात लागतात अशा माणसानं, म्हणजे मी, जेवणाच्या टेबलाशी बसून साऱ्या जगातल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलेले शोधनिबंध एका बोटानं उपसले, आणि त्यातून हवी ती एकच ओळ, विहिरीत बुडालेली घागर गळानं काढावी तशी, वर काढली. ती नको होती हे ती वर आल्यावर कळलं. माझा धंदा कवळ्यांचा. पुढच्या खोलीत दातांचे डॉक्टर लोकांचे खरे दात काढायचे आणि मागच्या खोलीत मी खोटे बनवायचो; खऱ्यांची कोणी पर्वा केली नाही म्हणून तर ते गेले, माझे मात्र लोक रात्री पाण्यात घालून जपायचे. या धंद्यातली एक गोष्ट नवख्याला लवकर समजत नाही. दात सगळे सरळ आणि सगळे सारखे पांढरे बसवले की समोरचा चटकन ओळखतो. म्हणून एक दात किंचित तिरका बसवायचा, एखाद्याच्या कडेला चहाचा पुसट डाग द्यायचा. मग तोंड खरं वाटतं. थापेचंही तसंच. आणि माझ्या प्रत्येक थापेतला तो तिरका दात नेमका हेरणारी एकच व्यक्ती मला भेटली, तिच्याशी मी लग्न करून बसलो. ती शाळेत भूमिती शिकवायची. मुलं मागे तिला कर्कटक म्हणत, कारण एका जागी टोचून उभी राहायची आणि तिथूनच सगळ्या वर्गाला वळसा घालायची. पुराच्या पाण्यातून कवळी डोक्यावर धरून मी एका पहिलवानाच्या लग्नात वेळेवर पोचवली, ही माझी गाजलेली गोष्ट. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. ही भाजी निवडता निवडता वर न बघता म्हणायची, "खोटं. त्या दिवशी तुमचे बूट कोरडे होते."

तर ज्या दुपारी हे सगळं सुरू झालं त्या दुपारी काहीच झालं नाही. तेच तर झालं. जेवायला बसलो होतो, आमची लेकही होती. मी सांगितलं की आज आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये घोडा होता, करड्या रंगाचा, त्याला चौथ्या मजल्यावर जायचं होतं आणि बटण दाबता येईना म्हणून बिचारा माझ्याकडे बघत होता. घोडा मी मुद्दाम कच्चा ठेवला होता. लिफ्टमध्ये शिरलेला घोडा वळणार कसा, बाहेर येणार कसा, ही फट मी तिच्यासाठीच सोडली होती, खेळात समोरच्याला सोपा झेल द्यावा तशी. मी घास तोंडात धरून वाट बघत राहिलो. ती म्हणाली, "हो का?" आणि पाण्याचा पेला पुढे ओढला. एवढंच. कवळी बसवून बघताना वरचा जबडा खाली यावा आणि खालचा तिथे नसावाच, तसं मला झालं. लेक हसली, "बाबा, घोड्याचं तिकीट काढलंत का?" म्हणाली, आणि मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. मला फक्त पेल्यावरची तिची बोटं दिसत होती. ती बोटं पेला धरून बसली होती, उचलत नव्हती. मी ताट अर्धं टाकून उठलो. मोरीत हात धुताना नळाचं पाणी बराच वेळ मनगटांवर सोडलं. तिनं घोडा गिळला. हिनं. मला तिची थोरली बहीण आठवली, आणि आठवायची नव्हती.

थोरल्या मेहुणीचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळे म्हणाले, काय झकास झालं. हृदय खरंच झकास होतं. ती खिडकीजवळ बसून एक टॉवेल घडी करायची, मांडीवर ठेवायची, पुन्हा उलगडायची, पुन्हा घडी. आम्ही भेटायला गेलो तर तिनं मला फार अदबीनं विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" ज्या बाईनं माझ्या लग्नात माझे जोडे लपवून मला रडकुंडीला आणलं होतं ती. मला सुचेना म्हणून मी तिला पहिलवानाची गोष्ट सांगितली. तिनं ती सगळी खरी मानली. पूर, कवळी, बँडवाले गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून वाजवत होते तेही. टाळ्या वाजवल्या. इतका वाईट श्रोता मला उभ्या जन्मात भेटला नाही. परत आल्यावर घराच्या कुलपात किल्ली फिरवताना आमची ही म्हणाली, "मला तसली विश्वास ठेवणारी करू नका." मी म्हटलं, "तुला कोण करणार?" ती म्हणाली, "वेळ आली तर बघू." आणि वेळ आली ती जिन्यात आली; लिफ्ट असूनही ही हट्टानं जिना चढायची. पहिल्या वळणावर ती थांबायला लागली, मग चार पायऱ्यांवर, मग झोपताना पाठीशी उशा लागायला लागल्या. हृदयवाल्या डॉक्टरनं पडद्यावर तिच्या हृदयाची झडप दाखवली. गंजलेल्या बिजागरीसारखी ती अर्धवट उघडत होती आणि अर्धवटच मिटत होती. छाती उघडून ती बदलायची. थांबण्यात अर्थ नाही, तो म्हणाला, थांबलं तर पुढचं वर्ष मी सांगू शकत नाही. सांगताना तो पेनचं टोपण लावत होता. हिनं विचारलं, "आणि डोक्याचं काय?" तो म्हणाला, "आजी, आपण हृदयाचं बोलतोय." ही म्हणाली, "मी दोन्ही घेऊन आलेय."

घरी आल्यावर तिनं मला समोर बसवलं, नापास झालेल्या मुलाच्या बापाला बसवतात तसं. "डॉक्टरचं मत ऐकलं. तुमचं मत मला नकोच. पुरावा आणा. माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या बायकांचं या ऑपरेशननंतर डोकं कसं राहिलं, ते कोणीतरी मोजलं असेलच. डोक्याला धोका असेल तर मी नाही म्हणणार. मग जेवढे दिवस असतील तेवढे माझे." मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? लेकीला सांग." ती म्हणाली, "ती मला वाचवायला बघेल. तुम्ही थापा मारता, पण वाचून दाखवताना आजवर एकदाही खोटं वाचलं नाहीत. पेपरातलं मरणसुद्धा जसंच्या तसं वाचता." हे खरं होतं. तिचे डोळे शिणायला लागल्यापासून सकाळचा पेपर मी वाचतो, आणि छापलेल्या शब्दाला मी कधी हात लावला नाही. दुसऱ्यानं बनवलेल्या कवळीला आपण कानस लावत नाही, त्यातलाच तो प्रकार. डॉक्टरच्या मदतनीसबाई शुक्रवारी संध्याकाळी फोन करणार होत्या. हो म्हटलं की खाट मिळणार, नाही म्हटलं की ती दुसऱ्या कोणाला जाणार.

इस्पितळाचं ग्रंथालय रक्त तपासायच्या खोलीच्या मागे आहे. रुग्णांच्या नातेवाइकांनीही आत यावं अशी पाटी होती, पण दारावरची धूळ सांगत होती की कोणी येत नाही. आत गेलो तर भिंतभर कपाटं आणि एकात पुस्तक नाही. फळ्यांवर पुस्तकं होती तेवढ्या जागा फिक्या राहिल्या होत्या, दात काढल्यावर हिरडी दिसते तशा. खोली इतकी गार की ग्रंथपालबाई स्वेटर घालून बसल्या होत्या. नाक लाल, घशात खोकल्याची गोळी. "पुस्तकं कुठे गेली?" मी विचारलं. त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "यात." मी म्हटलं, "सगळी?" "सगळी. आणि रोज नवी येतात. बसा काका. प्रश्न काय आहे?" मी सांगायला लागलो. जिना सांगितला, झडप सांगितली, थोरली मेहुणी, टॉवेल, घोडा. बाई मधेच उठल्या नाहीत, घड्याळ बघितलं नाही. माझं झाल्यावर गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाल्या, "ही गोष्ट झाली. प्रश्न काय?" मला आयुष्यात असं कोणी बोललं नव्हतं. बायकोसुद्धा आधी गोष्ट खोटी ठरवायची. या बाईंनी ती खरी मानून बाजूला ठेवली. त्यांनी एका कागदावर चार चौकोन काढले. कोणाबद्दल? त्यांचं काय करणार? ते न करता काय? आणि शेवटी काय मोजायचं? पहिल्यात मी लिहिलं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बायका. दुसऱ्यात झडप. चौथ्यात स्मरणशक्ती. तिसरा मी कोरा ठेवला. "हा रिकामा ठेवून चालत नाही," त्या म्हणाल्या. "तुलना कशाशी?" "कशाशीच नाही." "काका, कशाशी तरी असतेच." त्यांनीच मग तिथे लिहिलं, ऑपरेशनशिवाय. बारीक अक्षरात.

पुढचं त्यांनी भराभर दाखवलं. एकाच दुखण्याला जगभर निरनिराळी नावं असतात, तेव्हा विसर, गोंधळ, भ्रम, स्मृती, सगळे शब्द एकापुढे एक मांडायचे आणि मध्ये 'किंवा' घालायचं. एका चौकोनाला दुसरा जोडताना 'आणि' घालायचं. 'किंवा'नं जाळं पसरतं, 'आणि' घातलं की आवळतं. "तिसरा एक शब्द आहे, वगळून," बाई म्हणाल्या. "तो तुम्ही वापरू नका." "का?" "धार आहे त्याला. नको ते कापायला जाता, त्याच्याबरोबर हवं तेही जातं, आणि गेलेलं दिसत नाही." मी मान डोलावली. मी विचारलं, "आणि काहीच सापडलं नाही तर?" बाई पहिल्यांदा हसल्या. "सापडलं नाही, हे आमच्याकडे सगळ्यात अवघड वाक्य आहे. आहे म्हणायला एक निबंध पुरतो. नाही म्हणायचं तर कुठे कुठे शोधलं, कोणते शब्द घातले, ते सगळं मांडावं लागतं. उगीच हात हलवत येऊन सांगता येत नाही." मग त्यांनी मला घरून शोधता यावं म्हणून नाव आणि पासवर्ड करून दिला. पासवर्ड काय ठेवू, विचारल्यावर मी घोडा म्हणालो. "आणखी थोडा मोठा हवा," त्या म्हणाल्या. "करडा घोडा."

घरी दुपारी लेकीचा लॅपटॉप टेबलावर मांडला. लेक कामावर होती. आतल्या खोलीत ही उशांना टेकून झोपली होती आणि दार अर्धं उघडं होतं. तिचा श्वास ऐकू येत होता. वर चढायचा, थांबायचा, मग घसरत खाली यायचा. थांबायचा तेव्हा माझं बोटही कळीवर थांबायचं. चार चौकोनांतले शब्द मी एक एक करून घातले, किंवा, आणि, किंवा. शेवटची कळ दाबली आणि पडदा भरून गेला. मी खाली सरकवत गेलो, यादी संपेना. आणि दर दुसऱ्या ओळीत तो शब्द. मृत्यू. मृत्युदर. तीस दिवसांतला मृत्यू. कोणत्याही कारणाने मृत्यू. आत श्वास वर चढून थांबला. मी पेपरातल्या मरणाच्या बातम्या बिनदिक्कत वाचतो, पण त्या मरणांना आडनावं असतात, गावं असतात. इथे पहिल्या चौकोनात मी स्वतःच्या हातानं तिचं वय लिहिलं होतं. तिचं वय आणि तो शब्द एका ओळीत, पुन्हा पुन्हा, जसं काही कोणी आमच्या दाराची घंटा वाजवतंय आणि मी उघडत नाही तोवर वाजवणारच आहे. श्वास खाली आला. माझं बोट आपोआप वरच्या चौकटीत गेलं. बाईंनी करू नका म्हणून सांगितलं नसतं तर कदाचित सुचलंही नसतं. मी लिहिलं: वगळून मृत्यू. आणि काय सांगू, उन्हाळ्यात घामानं चिकटलेला सदरा काढून फेकावा तसं झालं. यादी आखडून पानभर झाली. पानभर, पण कशी उजळ! झडप बदललेले लोक बागेत काम करत होते. जिने चढत होते. त्यांची झोप सुधारली होती, भूक सुधारली होती, एका निबंधात तर ते पत्ते खेळत होते आणि कोणाचा डाव हे त्यांना बरोबर आठवत होतं. मी एकेक सारांश ओठ हलवत वाचला. एकही खोटा नव्हता. आत कूस बदलल्याचा आवाज आला आणि हिनं हाक मारली, "अहो, कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, "पत्ते खेळणाऱ्या लोकांशी. तुझं डोकं शाबूत राहतंय. उद्या छापून आणतो, मग वाचून दाखवतो." "आणा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "छापलेलं आणा हं." मी खिडकीशी उभा राहून शीळ घातली. मी शीळ घालतो तेव्हा बेसूर घालतो, पण ती खरी असते.

शुक्रवारी सकाळी मी ग्रंथालयात गेलो तो पाहुणचार घ्यायला गेल्यासारखा. बाईंचं नाक अजून लाल होतं. मी म्हटलं, "सापडलं. फक्त छापून द्या." त्यांनी यादी बघितली, आणि त्यांच्या गालातली गोळी फिरायची थांबली. "एवढीच?" त्या म्हणाल्या. "एवढीच कशी? छाती उघडायचं ऑपरेशन, हे वय, आणि पानभरच निबंध?" त्यांनी कुठेतरी बोट लावलं आणि मी आदल्या दिवशी काय काय लिहिलं होतं ते ओळीनं पडद्यावर आलं. मला ठाऊकच नव्हतं की हे यंत्र आपलं बोलणं असं साठवून ठेवतं. माझ्या गोष्टी कोणी अशा ओळीनं मांडल्या असत्या तर मी कधीच गाव सोडलं असतं. बाईंनी शेवटची ओळ वाचली. मग माझ्याकडे न बघता पुन्हा वाचली. "आजोबा," त्या म्हणाल्या. कालपर्यंत मी काका होतो. "आजोबा, मरण वगळलंत तुम्ही?" मी म्हटलं, "बघवेना." "अहो, पण कोण जगलं आणि कोण गेलं हे ज्यांनी मोजलं त्यांनीच नीट काम केलं होतं! ते सगळे निबंध तुम्ही बाहेर फेकलेत. उरले ते ज्यांनी कोणी गेलं का विचारलंच नाही." रागावल्या होत्या, पण त्यांचा आवाज खाली गेला होता, आणि मी त्या गार खोलीत उभा राहून त्या रिकाम्या कपाटांकडे बघत होतो. मला वाटलं, अशाच कुठल्यातरी शब्दानं तीही रिकामी झाली असतील. "काढू का तो शब्द?" त्यांनी विचारलं. छपाईयंत्रावर माझं उजळ पान अर्धं बाहेर येऊन अडकलं होतं. मला म्हणता आलं असतं, राहू द्या बाई, मला तेवढंच हवंय. अडलो की मी सवयीनं जिभेनं दात मोजतो, तसे मोजले. मग म्हटलं, "काढा."

पडदा पुन्हा भरला. बाईंनी त्यातून थोडे निवडले, त्यातून एक. अनेक जागी झालेल्या कामांचा एकत्र आढावा होता तो. पहिल्या चित्रात किती जण जगले ते दाखवणाऱ्या दोन रेघा होत्या, डावीकडे एकाच उंबऱ्यावरून निघालेल्या. एक हळूहळू उतरत होती, म्हाताऱ्या माणसानं जिना उतरावा तशी, जपून. दुसरी चित्राच्या मध्यावरच तळाला आली होती. "ही ऑपरेशनशिवायची," बाई म्हणाल्या. तिसरा चौकोन. मी न भरलेला. मग त्यांनी पान उलटलं आणि डोक्याचं काय ते आलं. बऱ्याच जणांचं डोकं ऑपरेशननंतर काही काळ गढूळ होतं आणि निवळतं. काहींचं निवळत नाही. आणि त्याच्याखाली ती ओळ, मी ज्या ओळीसाठी गळ टाकला होता ती: ज्यांना ऑपरेशनच्या आधीच विसर पडू लागलेला असतो, त्यांच्यात न निवळण्याचा धोका पुष्कळ जास्त. आधीच. माझ्या डोळ्यांपुढे पेल्याभोवतीची बोटं आली. हो का? मी विचारलं, "आधीच म्हणजे किती? एखादा घोडा सुटला तर चालतो का?" बाईंना घोडा आठवत होता. त्या म्हणाल्या, "ते मी नाही सांगू शकत. मी शोधून देते. तुमच्या डॉक्टरांना हे दाखवा, आधी तपासायला सांगा. आणि त्यांना स्वतःला दाखवा." "कोणाला?" "ज्यांचं डोकं आहे त्यांना." त्यांनी कागद छापून दिले, गरम होते. मी ते सदऱ्याच्या आत, छातीशी धरून निघालो. रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्यानं काच खाली करून मला काहीतरी ऐकवलं, त्याचं चुकलं नव्हतं. मी मध्येच उभा होतो. मी आठवत होतो, घोड्याआधी तिनं शेवटचं खोटं कधी म्हटलं. गेल्या आठवड्यात? मी काही सांगितलं होतं का? की मीच हल्ली कमी सांगतो, तिला हसताना धाप लागते म्हणून? चष्मा ती फ्रिजमध्ये विसरली होती, पण तो तर मीही एकदा विसरलोय. किल्ल्या. दुधाचं पातेलं. प्रत्येक आठवणीला मी उजेडात धरून बघत होतो, तडा आहे का, आणि तडा शोधणाऱ्याला तो दिसतोच.

लेक इमारतीच्या खालीच उभी होती, लवकर आली होती. माझ्या तोंडाकडे बघून तिनं हात पुढे केला. कागद तिनं लिफ्टसमोर उभ्याउभ्या वाचले. लिफ्ट दोनदा आली आणि गेली. "म्हणजे ऑपरेशन करायलाच हवं," ती म्हणाली. "तो एक भाग झाला," मी म्हटलं. "दुसरा भाग आईला सांगितलात तर ती नाही म्हणेल." "हो." "नाही म्हटली तर..." तिनं ती खाली आलेली रेघ बोटानं झाकली. "बाबा, सांगा काही सापडलं नाही म्हणून." मी म्हटलं, "तिनं मला वाचून दाखवायला सांगितलंय." "मग कागद आणलेच नाहीत म्हणा. एरवी गावभर फेकता ना? आता एकदा कामाची फेका. आईसाठी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते येऊ देत नव्हती, हे तिनं आईकडून घेतलंय, माझ्याकडून फक्त नाक. मी म्हटलं, "आणि तिची मोठ्या मावशीसारखी गत झाली तर?" "तर निदान ती असेल," लेक म्हणाली. लिफ्ट तिसऱ्यांदा आली. मी आत शिरलो आणि मला वाटलं, घोडा इथे खरंच मावणार नाही. कागद लेक तिच्या पिशवीत घालत होती, पण मी ते घेऊन पुन्हा सदऱ्यात ठेवले. श्वास घेतला की छातीशी कागद कुरकुरत होता. वर जाईपर्यंत मी थाप घडवली. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी घडवली: ना पूर, ना पहिलवान, ना कोणी टाळ्या वाजवाव्यात अशी जागा. लहान, सरळ, पांढरीशुभ्र. एवढी साफ की तिला कुठे पकडावं हे कोणालाही सापडणार नाही, असं मला वाटलं.

ही पलंगावर बसून धुतलेले कपडे घडी करत होती. मांडीवर टॉवेल होता. तिनं घडी केली, पलंगावर ठेवला. फोन शेजारीच होता. "आलात?" ती म्हणाली. "शोधलंत?" "शोधलं." "मग?" मी दारातच उभा होतो, लेक माझ्या पाठीशी. मी तिच्याकडे बघत म्हणालो, "काही सापडलं नाही."

"हो का?" ती म्हणाली.

आणि टॉवेल उचलून तिनं पुन्हा उलगडला.

माझ्या पाठीत लेकीची बोटं रुतली. टॉवेल तिच्या दोन हातांत उघडा होता, ती तो न्याहाळत होती, आणि मला त्या दुसऱ्या खिडकीतला उजेड दिसला, ती अदब, त्या टाळ्या. म्हणजे बसला विश्वास. म्हणजे आता ती हो म्हणेल, जाईल, झडप बदलून येईल, आणि मी तिला रोज काहीही सांगू शकेन. काहीही. फोन वाजला. तिनं फोनवर तळवा ठेवला, उचलला नाही, आणि टॉवेलचं एक टोक दोन बोटांत चोळलं. "कोपरा ओला राहिलाय," ती म्हणाली, आणि टॉवेल खुर्चीच्या पाठीवर पसरला. मग श्वास घेतला, अर्ध्यात थांबली, पुन्हा घेतला. फोन वाजतच होता.

"त्या दिवशी घोडा सोडून दिला, कारण बोलायला दमच नव्हता. पाण्याचा घोट घेईपर्यंत तुम्ही ताटावरून उठूनसुद्धा गेलात. लिफ्टमधून घोडा काढायचा तर शेपटीकडून काढावा लागेल, हे सांगायचं राहिलं." ती थांबली. "आज दम राखून ठेवलाय. काडेपेटी आणायला गेलात तरी तुम्ही वाटेतला वाघ घेऊन परत येता. आणि काल पत्ते खेळणारे सापडले होते, आज सदऱ्याच्या आत कागद कुरकुरतायत, आणि म्हणे काही सापडलं नाही? एवढंच? ना शेंडा ना बुडखा?" तिनं उशाजवळचा माझा पेपर वाचायचा चष्मा उचलून माझ्यापुढे धरला.

"खोटं," ती म्हणाली. "लावा हा, आणि काय सापडलंय ते वाचा."